घोट्याएवढं गवत

कुठल्याही घराच्या फाटकासमोर आले की घोटेसाहेब आधी खाली वाकायचे. उजव्या पायातली चप्पल काढायचे, पँट दोन घड्या वर दुमडायचे आणि तो उघडा पाय अलगद गवतात ठेवायचे. गवत घोट्याच्या खाली राहिलं तर घरमालक सुटला. एखादं आगाऊ पातं घोट्याच्या वर डोकावलं, की साहेब पाय तसाच ठेवून खिशातून नोटीसबुक काढायचे, म्हणजे पुरावा जागचा हलायला नको. एका पायावर भार देऊन माणूस इतक्या सुवाच्य अक्षरात लिहू शकतो, हे गावाला त्यांच्यामुळे कळलं.

घोटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव नगरपालिकेच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच पडून राहिलं. गावाने त्यांना त्यांच्या हत्यारावरून नाव दिलं, आणि साहेबांनाही ते मनातून आवडायचं. निदान तोंडावर तरी लोक पुढे 'साहेब' जोडत होते.

नियम असा होता : 'रस्त्यावर उभे राहून पाहिले असता कोणत्याही मिळकतीत घोट्यापेक्षा उंच गवत, झुडूप अथवा वाळका पाला दिसता कामा नये.' हा नियम काही उगाच झाला नव्हता. एका उन्हाळ्यात कुणा महाभागाने चालत्या गाडीतून जळती सिगारेट रस्त्याकडेच्या वाळक्या गवतात फेकली, आणि दोन कुंपणं, एक हातगाडी आणि नगराध्यक्षांच्या मेव्हण्याचा जाहिरातफलक जळून गेला. कुंपणांसाठी आणि हातगाडीसाठी समिती बसली नसती. पण फलक जळाल्यावर ती बसली, चहाबिस्किटांसकट बसली, आणि बराच खल करून तिने शोध लावला की आग रस्त्यावरून येते. तेव्हा रस्त्यावरून जे दिसतं ते कापलं की काम झालं. आग दुसरीकडूनही येऊ शकते का, असं कुणीतरी विचारलं होतं म्हणतात. पण तोवर बिस्किटं संपली होती आणि लोकांना घरी जायचं होतं.

घोटा कुणाचा, हे मात्र नियमात लिहायचं राहून गेलं. घोटेसाहेबांनी रीतसर वर विचारणा केली. वरून उत्तर आलं, 'स्थानिक पातळीवर निर्णय घ्यावा.' स्थानिक पातळीवर पाहणीला जाणारे एकटे घोटेसाहेबच, त्यामुळे निर्णय त्यांच्या पायापाशी येऊन थांबला. साहेब बेताच्या उंचीचे, त्यांचा घोटाही बेताचाच. गल्लीतला बेकरीवाला चांगला ताडमाड होता. त्याच्या हातात नोटीस पडल्यावर तो म्हणाला, "साहेब, माझ्या घोट्याने मोजलं तर हे गवत नियमात बसतंय."

"तुमचा घोटा अधिकृत नाही," साहेब म्हणाले. त्यांनी ते मनापासून सांगितलं होतं, पण पुढे बेकरीवाल्याने हे वाक्य येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पावाबरोबर फुकट दिलं.

नियम होण्याआधी साहेब नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या खिडकीवर बसायचे. तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. खिडकीपुढे येणारा एकतर हसत यायचा नाहीतर रडत यायचा, आणि दोघांनाही खिडकीमागच्या माणसाकडे बघायला सवड नसायची. नियम झाला, 'प्रतिबंध विभाग' नावाची एक खोली निर्माण झाली, तिच्यात एक टेबल आलं आणि टेबलामागे हे आले. त्या दिवसापासून ते रस्त्याने निघाले की लोक आपापल्या फाटकाकडे धावू लागले. साहेबांचा चालण्याचा ढंगच बदलला. बायको म्हणायची, "घरात तरी जरा नीट चाला, इथे फरशीवर गवत नाही."

अख्ख्या गावात त्यांना अरे-तुरे करणारी एकच बाई होती, त्यांची ताई. आईवडील गेले तेव्हा साहेब शाळेत होते आणि ताई नुकती कुठे शिवणकाम शिकली होती. तिने एक जुनं पायाने चालवायचं शिलाई मशीन घरात आणलं आणि त्या मशीनवर या भावाला वाढवलं. वाढवलं म्हणजे शब्दशः. गावातल्या शाळेचे गणवेश ती शिवायची, त्यातून याची फी जायची. उरलेल्या कापडाचा याचाही गणवेश व्हायचा. हा रात्री अभ्यासाला बसला की मशीनच्या आवाजाशिवाय याला वाचलेलं डोक्यात शिरायचं नाही, म्हणून काम नसलं तरी ती रिकामं मशीन चालवत बसायची. लग्नाचं विचारणारे विचारून गेले. ती म्हणायची, धाकट्याचं मार्गी लागू दे. धाकट्याचं मार्गी लागलं, तोवर विचारणारे संपले होते.

ताईचं घर बेकरीच्याच गल्लीच्या टोकाला, अगदी शेवटचं. पुढे फाटक, छोटं अंगण, दोन खोल्या, आणि मागच्या बाजूला ती मशीनची खोली. खोलीला एक मोठी खिडकी होती, आणि खिडकीखालून जमीन उतरत ओढ्यात जायची. ओढ्याला वर्षातला बराच काळ पाणी नसायचं. ताईचं सगळं जग त्या खोलीत होतं. मशीन, कात्र्या, दोऱ्यांचे डबे, भिंतीवर खडूने लिहिलेली गिऱ्हाइकांची मापं. गुडघे दुखू लागले तसं साहेबांनी तिला कितीदा म्हटलं, माझ्याकडे राहायला ये. बायकोनेही मनापासून म्हटलं. ताईचं उत्तर ठरलेलं असायचं.

"आणि मशीन कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

साहेबांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मशीनला खरोखरच जागा नव्हती. तेव्हा विषय तिथेच मिटायचा.

नियम लागू झाला आणि त्या खात्यातली पहिलीवहिली नोटीस घोटेसाहेबांनी कुणाला दिली असेल, तर ताईला. तिच्या अंगणात पाय ठेवला, गवत घोट्याच्या वर चांगलं दोन बोटं गेलं होतं. ताई दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं, भावाच्या पायाला काहीतरी टोचलं.

"काय रे, काटा गेला?"

"ताई, ही घे नोटीस. सही कर."

तिने चष्मा लावून सगळं वाचलं, सही केली, आणि म्हणाली, "बरं. चहा घेऊन जा."

"नोटीस दिलेल्या घरी चहा घेता येत नाही," साहेब म्हणाले, आणि न घेता गेले. मग ही गोष्ट त्यांनी कचेरीत सांगितली, बेकरीत सांगितली, सासुरवाडीला सांगितली. सख्ख्या बहिणीला सोडलं नाही, तिथे तुमची काय कथा! बायकोने ऐकून कपाळावर हात मारला. "ज्या हाताला तिने लिहायला शिकवलं, त्याच हाताने तिला नोटीस दिलीत," ती म्हणाली. साहेबांनी हे कौतुकात जमा केलं.

ताईने कापडाच्या जुन्या कात्रीने सगळं अंगण कापलं. स्टूलवर बसायची, हाताला येईल तेवढं कापायची, स्टूल पुढे सरकवायची. चौथ्या दिवशी साहेब पुन्हा आले, पाय ठेवला, आणि पसंतीची मान हलवली. आता अंगणाच्या कोपऱ्यात कापलेल्या गवताचा ढीग होता.

"आणि याचं काय करू?" ताईने विचारलं. "कचऱ्याची गाडी घेत नाही रे."

ते खरं होतं. गाडीवाला ओला कचरा घ्यायचा आणि सुका कचरा घ्यायचा. गवत कापताना ओलं असतं आणि गाडी येईपर्यंत सुकतं, तेव्हा ते कुठल्या डब्यात टाकायचं याचा त्याला आदेश नव्हता. आदेश द्यायचा तो आरोग्य विभागाने. आरोग्य विभागाचं म्हणणं, गवत हा प्रतिबंध विभागाचा विषय. प्रतिबंध विभाग म्हणजे एक टेबल, आणि टेबलामागचा माणूस आत्ता ताईच्या अंगणात एका पायावर उभा होता.

"मागे टाक," साहेब म्हणाले.

"मागे कुठे?"

"खिडकीखाली, ओढ्याच्या बाजूला. ते माझ्याकडे येत नाही."

"अरे, पण ते तिथे वाळेल की."

"वाळू दे. वाळलं तरी रस्त्यावरून दिसत नाही."

ताईने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. कापड उलटं धरलेल्या शिकाऊ मुलीकडे ती असंच बघायची. पण भाऊ आता साहेब होता, खात्याचा माणूस होता, त्याला चार गोष्टी जास्त ठाऊक असणार. तिने ढीग टोपलीत भरला आणि मागे नेऊन टाकला.

तिथून ही युक्ती गल्लीभर झाली. प्रसार खुद्द साहेबांनीच केला, कारण लोकांना नुसती नोटीस देऊन सोडणारा अधिकारी ते नव्हते, मार्ग दाखवणारे होते. कुणी ढिगाकडे बोट दाखवलं की साहेब आवाज खाली आणून म्हणायचे, "मागे." कुणाची मागे जागा नसली तर, "दोन घरांमधल्या बोळात. बोळ रस्त्यावरून सरळ दिसत नाही, मी उभा राहून बघितलंय." गवत गेलं, झुडपं गेली, कुंपणाच्या फांद्या गेल्या, बेकरीवाल्याने पुढचं अख्खं वाळकं झाड तोडून मागे नेलं. दर वर्षी नवा थर, जुन्यावर नवा. गल्ली समोरून दाढी केल्यासारखी तुळतुळीत झाली, आणि गल्लीच्या पाठीमागे काय होतं ते बघायला कुणी जात नव्हतं, कारण जायला वाटच उरली नव्हती.

मोठे साहेब, म्हणजे घोटेसाहेबांचे वरिष्ठ, पाहणीला आले. पाहणी त्यांनी गाडीतूनच केली. काचा वर होत्या, आत गार होतं, बाहेर धूळ होती. गाडी गल्लीभर सावकाश गेली, ताईच्या फाटकाशी वळली आणि परत आली. मोठ्या साहेबांनी काच चार बोटं खाली केली आणि म्हणाले, "उत्तम." त्या एका शब्दावर घोटेसाहेब आठवडाभर जेवले.

पुढे त्या गल्लीला पत्र्याचा फलक मिळाला. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं, 'अग्निसुरक्षित गल्ली'. गावातला पहिलाच. गाडी जिथे वळते तिथे तो नीट दिसतो, म्हणून ताईच्या फाटकावर बसवायचं ठरलं. फोटो निघाला. फोटोत मोठे साहेब आहेत, घोटेसाहेब आहेत, बेकरीवाला त्याच्या उंचीमुळे आलाच आहे, आणि कोपऱ्यात ताईचा हात आहे, स्क्रू पुढे करणारा. साहेबांनी तो फोटो फ्रेम करून दिवाणखान्यात लावला. निवृत्तीला आता फार काळ उरला नव्हता. जन्ममृत्यूच्या खिडकीवरून सुरुवात केलेल्या माणसाने जाता जाता गावाला एक सुरक्षित गल्ली दिली, असं कुणीतरी भाषणात म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ते भाषण त्यांनी स्वतःच मनातल्या मनात पुष्कळदा ऐकलं होतं.

त्या उन्हाळ्यात एकदा ते सहज ताईकडे गेले, तर ती मशीनच्या खोलीत भर दुपारी दिवा लावून बसली होती.

"दिवा कशाला?"

"खिडकी उघडून बघ."

खिडकी उघडेना. तिच्या झडपा बाहेर उघडायच्या, आणि बाहेर फांद्यांचा, पाल्याचा, वर्षानुवर्षांच्या गवताचा ढीग काचेला टेकून उभा होता. वाळकी पानं काचेवर चिकटली होती. उजेड म्हणून जो काही येत होता तो पिवळा, मळकट. ताई म्हणाली, "सुई ओवता येत नाही रे. आणि मला भीती वाटते. रात्री आत सळसळ होते, उंदीर असतील, पण माझं लक्ष त्या वाळक्या गवताकडेच जातं. कुणाला तरी सांगून काढून घे."

साहेब बघत राहिले. त्यांना दिसत होतं, आंधळे नव्हते. मग त्यांनी एक गोष्ट केली. ताईनेच शिवलेला जाड पडदा खिडकीवर ओढून घेतला.

"पडदा ओढून काय होणार आहे?" ताई म्हणाली.

"घालतो मोठ्या साहेबांच्या कानावर."

आणि खरंच घातलं. मोठ्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओढा कुणाच्या मालकीचा?"

"आपल्याच. नगरपालिकेच्या."

"म्हणजे आपण आपल्यालाच नोटीस द्यायची?" असं म्हणून मोठे साहेब हसले. घोटेसाहेबही हसले, कारण वरिष्ठ हसले की हसायचं असतं. "आणि समजा काढायचं ठरवलं," मोठे साहेब पुढे म्हणाले, "तर ते सगळं बाहेर कुठून आणणार?"

"पुढूनच आणावं लागेल. मागे वाट नाही."

"म्हणजे आधी रस्त्यावर ढीग पडणार. दिसणार. मग नियमभंग कुणाचा?"

घोटेसाहेबांनी विचार केला. मुद्दा बिनतोड होता. तो सगळा वाळका कचरा गावात कायदेशीरपणे राहू शकेल अशी एकच जागा होती, आणि ती म्हणजे तो होता तिथेच, ताईच्या खिडकीखाली. त्यांनी ताईला निरोप दिला की प्रकरण विचाराधीन आहे. तिने दिव्याला जास्त उजेडाचा बल्ब आणून लावला आणि पुन्हा विचारलं नाही. न विचारणं हाच तिचा स्वभाव होता, आणि साहेबांना तो फार सोयीचा पडायचा.

मग ती दुपार आली. ऊन मी म्हणत होतं, वारं सुटलं होतं. साहेब बेकरीसमोर उजवा पाय गवतात ठेवून उभे होते. गवत काठावर होतं. नोटीस द्यावी की न द्यावी, या विचारात होते.

"साहेब," बेकरीवाला हवेत नाक करून म्हणाला, "जळाल्याचा वास येतोय."

"तुमच्याच भट्टीचा."

"भट्टी आज बंद आहे."

दोघांनी एकदमच मान वर केली. गल्लीच्या टोकाला, शेवटच्या घराच्या छपरामागून, धूर निघत होता. आग ओढ्यातून वर चढली होती. कुणी लावली, कशी लागली, ते पुढे कुणालाच कळलं नाही, आणि कळून उपयोगही नव्हता. तिला वर यायला साहेबांनी रस्ता बांधूनच ठेवला होता.

साहेब धावले. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा, त्यावरची पँट तशीच दुमडलेली. गल्लीतल्या कुठल्याही गवताकडे न बघता ते पहिल्यांदाच त्या रस्त्याने गेले असतील. फाटक ढकललं, अंगण ओलांडलं, आत शिरले. ताई मागच्या खोलीत होती. तिने दोन्ही हातांनी मशीन धरलं होतं आणि ते दाराकडे ओढत होती. लोखंडी पायांचं ते जडशीळ मशीन जेमतेम हातभर सरकलं होतं. खिडकीची काच तडकली होती आणि पडद्याची खालची कड धुमसत होती.

"धर," ती ओरडली. "त्या बाजूने धर!"

त्यांनी धरलं. ओढलं. मशीनचा पाय उंबऱ्यात अडकला, ते तिरकं झालं आणि दारातच रुतून बसलं. काच फुटली. पडदा भडकला, वरच्या दोऱ्यांच्या फळीला लागला. साहेबांनी मशीन सोडलं आणि ताईला कमरेला धरलं.

"अरे, मशीन!"

"राहू दे ते!"

"राहू दे काय? सोड मला!" तिने त्यांच्या पाठीवर मूठ मारली, पुन्हा मारली. लहानपणी कधी मारलं नव्हतं, ते तेव्हा मारलं. साहेबांनी तिला मशीनवरून तशीच अलीकडे ओढली, अंगणातून ओढत फाटकाबाहेर आणली आणि रस्त्यावर बसवली. ती खोकत होती आणि रडत होती. साहेबही रडत होते, पण धुराने डोळ्यांत पाणी येतंच, तेव्हा कुणी त्याची नोंद घेतली नाही.

अग्निशमनची गाडी वेळेत आली. गल्ली स्वच्छ होती, कुठे अडखळली नाही, थेट फाटकापर्यंत आली. तिच्यातल्या मुख्य माणसाने उडी मारली आणि विचारलं, "मागे जायला वाट कुठून आहे?"

ज्या बोळांतून जाता आलं असतं, त्यांत गळ्यापर्यंत वाळक्या फांद्या होत्या आणि त्याही आता पेटू लागल्या होत्या. बेकरीवाल्याने साहेबांकडे बघितलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं.

"मग पुढूनच मारा पाणी," तो माणूस म्हणाला. त्यांनी पुढून मारलं. त्यामुळे गल्लीतल्या घरांचे पुढचे भाग वाचले. मागच्या भागांतलं कुणाचं न्हाणीघर गेलं, कुणाचं कोठार गेलं, बेकरीवाल्याच्या पिठाच्या गोणी गेल्या. ताईचं मागचं छप्पर आत कोसळलं आणि मशीनची खोली गेली.

सकाळी मोठे साहेब पाहणीला आले. गाडी गल्लीभर सावकाश गेली आणि ताईच्या फाटकाशी थांबली. घोटेसाहेब तिथेच उभे होते, कालच्याच कपड्यांत. ताई त्यांच्याकडे रात्रभर राहून सकाळी त्यांच्याबरोबरच आली होती आणि जरा लांब, फाटकाच्या खांबाला धरून उभी होती. काच चार बोटं खाली झाली.

"मला वाटलं होतं त्या मानाने पुष्कळ वाचलंय," मोठे साहेब म्हणाले. "फलकालाही काही झालेलं दिसत नाही."

"साहेब, मागे चला. मागचं बघा."

"मागे काय बघायचं? तुम्ही अहवाल द्या. रस्त्यावरून पाहणी केली असता नियमभंग आढळला नाही, असं लिहा. तेच खरं आहे ना?"

"तेच खरं आहे," घोटेसाहेब म्हणाले. "म्हणूनच म्हणतोय, खाली उतरा."

मोठ्या साहेबांनी आपल्या बुटांकडे बघितलं, मग फाटकाआडच्या चिखलाकडे बघितलं. "तुम्ही थकला आहात," ते मायेने म्हणाले. "दोन दिवस सुट्टी घ्या." काच वर गेली, गाडी वळली.

ताई हळूहळू चालत आली. गुडघ्यांवर हात ठेवत रस्त्याच्या मधोमध आली आणि भावाच्या शेजारी उभी राहिली.

"तू इथेच उभा राहून बघायचास ना?" तिने विचारलं.

"हो."

"मला पण बघू दे."

ती बघू लागली. घर केलं तेव्हापासून ती घरातून रस्त्याकडे बघत आली होती, रस्त्यावरून घराकडे असं थांबून कधी बघितलं नव्हतं. फाटक जागेवर होतं. फाटकावर हिरवा फलक होता, पाण्याने धुऊन जास्तच चकचकीत झालेला. अंगणातलं गवत तिनेच कापलेलं, एकसारखं, आखूड. दर्शनी भिंतीला नुसता धुराचा ओरखडादेखील नव्हता, आणि पुढच्या खिडकीत तिने शिवलेला फुलाफुलांचा पडदा होता.

"छान दिसतंय रे," ताई म्हणाली.

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, साहेबांना त्याला तोंड देता आलं असतं. तिला खरोखरच छान वाटलं होतं, आणि इतकी वर्षं धाकट्याला तिथून काय दिसत होतं ते तिला आत्ता कळलं होतं. साहेबांना म्हणायचं होतं, ताई, माझं चुकलं, मी तुझं घर जाळलं. त्यांनी ते म्हटलंही, पण इतक्या हळू की तिला पुन्हा विचारावं लागलं, आणि त्यांनी ते पुन्हा, मोठ्याने, भर रस्त्यात म्हटलं. बेकरीवाला दारात उभा होता. त्याने ऐकलं, आणि या वेळी ते कुठल्याच गिऱ्हाइकाला सांगितलं नाही.

ताईने फक्त विचारलं, "आता येतोस मागे?"

आता त्यांना साहेब म्हणण्यात काही अर्थ नाही. धाकटा तिच्या पाठोपाठ गेला. अंगणातून, पुढच्या खोलीतून, मधल्या खोलीतून. मागच्या खोलीला आता दारच नव्हतं, उघडायचा प्रश्न आला नाही. त्याने पाय आत टाकला आणि सवयीने खाली बघितलं. राख घोट्याच्या वर आली होती.

ताई त्याच्या पुढे जाऊन वाकली होती. दाराशी राखेतून मशीनचं चाक वर आलं होतं, ते धरून ती फिरतंय का बघत होती. चाक फिरत नव्हतं. धाकटा तिच्याजवळ जाऊन गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी राख बाजूला करू लागला.